डोकं वर्ज्य

ऊ सान लिनचं, म्हणजे सान लिनसाहेबाचं, तोंड मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. रूपाबद्दल म्हणत नाही. रूपाला माणूस काय करणार? माझंच नाक मोडून मोडून पोळीसारखं सपाट झालंय. मला आवडलं नाही ते त्याचं हसणं. पानानं लाल झालेले दात दाखवत तो हसला की समजावं, समोरच्याच्या ताटातलं काहीतरी उचललं गेलं.

आम्हा करेन लोकांच्या नववर्षाच्या आधी तो यांगोनहून आमच्या फा-आन गावाला आला तो मारामारीच्या खेळांच्या समितीचा सचिव म्हणून. पांढरा सदरा, कडक इस्त्रीची लुंगी आणि बगलेत गुंडाळलेला कापडी तक्ता. देवळाच्या धर्मशाळेत आम्हा सगळ्या तालमीवाल्यांना बसवून त्यानं तो तक्ता बांबूच्या भिंतीवर टांगला. त्यात रकाने पाडलेले. नुसते हात चालत असतील तर ते मुष्टियुद्ध. हातांच्या जोडीला पाय आले तर किकबॉक्सिंग. त्यात कोपर आणि गुडघे घातले की ते सीमेपलीकडच्या थाई लोकांचं. आणि त्यावर डोकं घातलं की शेवटचा रकाना, आमचं लेथवे. कोशिंबिरीत एकेक जिन्नस टाकत जावा तसं तो काठी आपटत सांगत होता. आमच्यातले तरणे पोरगे माना डोलावत होते. मला शिसारी आली.

मी सॉ लासे. उभा जन्म या खेळात गेला. आधी वाळूच्या खड्ड्यात लढलो, मग दोरांच्या चौकात, आणि हाडं कुरकुरायला लागल्यावर घरामागच्या चिंचेखाली पोरं शिकवायला लागलो. मला कुणी विचारलं की लेथवे म्हणजे काय, तर मी कशानं मारायचं ते सांगत नाही. कशानं मारायचं ते रेड्यालाही कळतं. खेळ ओळखायचा तो संपतो कसा त्यावरून. आमच्यात गुण नसतात. पाच फेऱ्या झाल्या आणि दोघंही उभे असले तर दोघंही बरोबरीचे, एकमेकांना मिठी मारून उतरतात, मग एकाचं तोंड का फुटलेलं असेना. आणि एखादा आडवा झाला, शुद्ध हरपली, तर त्याच्या कोपऱ्यातला माणूस एकदाच दोन मिनिटं मागू शकतो. त्या दोन मिनिटांत त्याला शुद्धीवर आणायचं, आणि तो उठला तर लढत पुढे चालू. बाहेरच्यांना हा रानटीपणा वाटतो. वाटू दे. पण ती मागायची की नाही ते कोपऱ्यानं ठरवायचं. ज्यानं त्याला खाऊ घातलं, ज्याला त्याचा श्वास कळतो, त्यानं. सगळा खेळ त्या एका गोष्टीवर उभा आहे, आणि सान लिनच्या तक्त्यात तिला रकानाच नव्हता.

यंदा माझ्या भाच्याची लढत होती. एकालू, माझ्या बहिणीचा मुलगा. रबराच्या बागेत झाडांना चिरा पाडायचं काम करतो, पहाटे जातो आणि ऊन चढायच्या आत परत येतो. शांत पोरगा. पण दोरांच्या आत गेला की त्याचं कपाळ म्हणजे उखळातलं मुसळ. समोरच्याची मान पकडायची, आत खेचायचं आणि कपाळ घालायचं. तिसरी फेरी बघणारे त्याचे प्रतिस्पर्धी थोडेच.

पावसाळ्यात मुदोनच्या लढतीत तो पडला. लाथ कानामागे बसली होती. लढत तिथंच संपली, पण पुढे महिनाभर त्याला ऊन सोसवेना, खाल्लेलं पोटात ठरेना. मोलमाइनच्या डॉक्टरांनी डोक्याचे काळे फोटो काढले आणि सांगितलं की आत सूज आहे, वर्षभर डोक्याला मार लागू द्यायचा नाही. पुन्हा पडला तर काय शिल्लक राहील ते सांगता येणार नाही.

वर्ष भरायला अजून अवकाश होता आणि सान लिनच्या माणसांनी त्याला परस्पर गाठलं. लिथुएनियाचा गोरा खेळाडू येणार, टीव्हीवर दाखवणार, फा-आनचं नाव होणार. एकालूनं मला न विचारता होकार दिला. मी चिडलो, आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. पण तरण्याताठ्या माणसाला दावं लावून बांधता येत नाही. त्याचं म्हणणं एवढंच की मुदोनला पडलो तीच शेवटची लढत म्हणून लोकांच्या लक्षात राहायला नको, एक लढत उभ्यानं संपवतो आणि मग तुमच्या चिंचेखाली पोरं शिकवतो.

माझी बहीण नॉ दाए रडणारी बाई नाही. नवरा सीमेवरच्या लढाईत गेला तेव्हाही दुसऱ्या दिवशी शेतात उभी होती. ती संध्याकाळी माझ्याकडे आली, कोवळ्या बांबूच्या कोंबांचं कालवण घेऊन, आणि भांडं खाली ठेवायच्या आत म्हणाली, "कोपऱ्यात तूच राहा. पडला की घरी आण. उठवू नकोस."

"नाही उठवणार," मी म्हणालो.

"लोक ओरडतील."

"ओरडू देत. दोन मिनिटं मागायची ती मी. नाही मागणार."

एवढ्यावर ती गेली. तिला दुसरं काही नको होतं आणि मलाही नको होतं. हरला तर हरला. एकदा पडला की डोकं शाबूत घेऊन घरी यायचं, बस्स.

लढतीच्या आदल्या दिवशी नियम ठरवायची बैठक झाली. नियम ठरवायचे म्हणजे काय, तेच मला कळेना. पाऊस कुठून पडायचा हे कुणी बैठक घेऊन ठरवतं का? पण गोऱ्याचा व्यवस्थापक होता, टीव्हीचा माणूस होता, मधे सान लिन, आणि टेबलावर लाफेटची ताटली. आंबवलेल्या चहाच्या पानांची ती कोशिंबीर पुढ्यात आली की आमच्याकडे भांडण मिटलं असं धरतात. इथं भांडण सुरू व्हायच्या आधीच मांडून ठेवली होती.

व्यवस्थापक म्हणाला की आमच्या माणसाला डोक्यानं मारायची सवय नाही, परतल्यावर त्याची दुसरी मोठी लढत आहे, तेव्हा डोकं वर्ज्य. सान लिननं मान हलवली. मग टीव्हीवाल्यानं विचारलं की हातात मोजे घालणार का. व्यवस्थापकाला ते हवे होते, किकबॉक्सिंगमधे असतातच म्हणून. टीव्हीवाला म्हणाला, मोजे आले की रक्त दिसत नाही, लोक लेथवे म्हणून बघायला येतायत, हाताला नुसती पट्टीच हवी. सान लिननं त्यालाही मान हलवली. मग गुण. बरोबरी झाली तर बघणाऱ्यांचा विरस होतो, म्हणून गुण हवेत. हलवली मान. बैलाच्या गळ्यातली घंटाही इतकी हलत नाही.

मी म्हणालो, "डोकं काढलंत, गुण घातलेत. मग याला लेथवे कशाला म्हणता?"

"दोन मिनिटं आहेत ना, सया," सान लिन म्हणाला. सया म्हणजे गुरुजी. ज्याला लुबाडायचं त्याला आधी गुरुजी म्हणायची यांगोनची रीत आहे. "आपली परंपरा आम्ही सोडणार नाही. फक्त दोन मिनिटं कोपऱ्याऐवजी समिती देईल. कार्यक्रम पाच फेऱ्यांचा विकलाय. पहिल्याच फेरीत कुणी आडवा झाला तर उरलेला वेळ काय दाखवायचं?"

मी सांगितलं की ते चालणार नाही. पोराच्या डोक्यात सूज आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, तो पडला की लढत संपली, आणि ती संपली हे मी ठरवणार. सान लिन मन लावून ऐकत होता. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला की तुम्हाला विचारल्याशिवाय कोण निर्णय घेईल, तुम्ही वडीलधारे. शिवाय टॉवेल आहेच की तुमच्या हातात. टॉवेल आत फेकला की खेळ खलास, हे जगातल्या सगळ्या रकान्यांत आहे. व्यवस्थापकानंही मान डोलावली. एकालू माझ्या शेजारी खाली मान घालून बसला होता. मी त्याला आमच्या भाषेत म्हणालो, ऊठ, घरी जाऊ.

"पाती, पोस्टरं लागलीत," तो म्हणाला. आमच्यात मामालाही पाती म्हणतात आणि काकालाही. "डोक्याशिवाय लढेन. हात आहेत ना मला."

मग हा खेळ तक्त्याच्या कुठल्या रकान्यात बसणार, असं मी निघताना विचारलं. सान लिननं बगलेतला तक्ता टेबलावर पसरला, खिशातून पेन काढलं आणि शेवटच्या रकान्याच्या पुढे रेघ ओढून नवा रकाना पाडला. मिश्र वर्ग. धड बैल ना धड रेडा, पण वर्ग पडला. त्याचा चेहरा असा काही फुलला होता, जणू त्यानंच खेळाचा शोध लावला.

नववर्षाच्या दिवशी मैदान फुललं होतं. झ्वेगाबिनच्या डोंगरावरचं धुकं उतरायच्या आत पोरीबाळी विणलेले अंगरखे घालून नाचाच्या रांगांत उभ्या होत्या. नॉ दाए आली नाही. ती कधीच येत नसे.

वादकांचा मेळ नाई तोला नावाच्या सनईवाल्याचा होता. तो मोन जातीचा, त्यांच्यात नाई म्हणजे श्रीयुत, आमच्या वयाचा, सनई वाजवून वाजवून गालांचे फुगे झालेला. आमच्याकडे वाद्यांशिवाय लढत होत नाही. दोघं एकमेकांना जोखत असतात तेव्हा सनई रेंगाळते, भिडले की ढोल आणि झांजा धावायला लागतात, आणि लढणाऱ्याचं अंग त्यावर चालतं. आम्ही पोरांना शिकवतो तेच वाद्यांच्या बोलांवर. तोलानं मला लांबून हात केला. तोमासनं, त्या गोऱ्यानं, दोरांत आल्यावर चारी बाजूंना वाकून नमस्कार केला, चुकतमाकत, पण केला. लांब हाताचा, लाल केसांचा, ओठांवर अजून मिशी धरली नव्हती अशा वयाचा पोरगा. एकालूनं शड्डू ठोकला. त्यानंही ठोकून बघितला, आवाज आला नाही, लोक हसले आणि तोही हसला. त्याच्याशी माझं कधीच वैर नव्हतं.

पहिल्या फेरीत एकालूनं दोनदा त्याची मान पकडली. दोन्ही वेळा त्याचं कपाळ पुढे गेलं आणि वाटेतच थांबलं. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसलं नसेल. मला दिसलं. जन्मभर जे अंग एका वाटेनं गेलं ते मधेच आखडायचं, म्हणजे जिन्याची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं. तो थांबला की तोमास त्याच्या बरगडीत गुडघा घाले. पंचानं तरीही बोट नाचवून एकालूला ताकीद दिली, डोकं पुढे आणलं म्हणून. लोक चिडले. मागून कुणीतरी ओरडलं की मग मान कापूनच आत पाठवा. टीव्हीवाल्याला ते आवडलं. त्यानं कॅमेरा तिकडे वळवला.

दुसरी फेरीही तशीच गेली. एकालू लांबून लढत होता, आणि लांबून लढणं हे तोमासचं. मी फेऱ्यांच्या मधे त्याच्या मानेवर पाणी मारलं, डोळे बघितले. डोळे ठीक होते. त्याला म्हणालो, बास झालं, मी टॉवेल टाकतो. त्यानं माझं मनगट धरलं आणि एवढी फेरी म्हणाला.

तिसऱ्या फेरीत त्यानं पुन्हा मान पकडली, पुन्हा थांबला, आणि सुटताना तोमासचा उजवा हात त्याच्या कानामागे बसला. त्याच जागी. एकालू पाय न वाकवता पडला, ओंडका पडावा तसा. मी टॉवेल फेकला. तो हवेत असतानाच सान लिननं खुर्चीवरून हात वर केला होता आणि भोंग्यावरून आवाज आला, परंपरेप्रमाणे दोन मिनिटं.

टॉवेल एकालूच्या पोटावर पडला होता. तो सगळ्या मैदानाला दिसत होता. मी दोरांत शिरलो तर समितीच्या दोन दांडग्यांनी मला धरलं. सान लिन चौकाच्या कडेला आला, दात दाखवत.

"तो टॉवेल," मी म्हणालो. "दिसत नाही का?"

"दिसतो ना, सया. पण समितीचा हात आधी वर गेला. आता दोन मिनिटं चालू आहेत. ती संपल्यावर टॉवेलचा विचार होईल."

"दोन मिनिटं मी मागितली नाहीत."

"तुमची नाहीतच ती. मिश्र वर्ग आहे."

मी त्याला काय काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. त्याच्या आईबापाचा त्यात काही दोष नव्हता. समितीची माणसं एकालूभोवती बसली होती. कुणी बर्फ छातीवर घासत होतं, कुणी पायाची बोटं खेचत होतं, एकजण त्याच्या कानाची पाळी चावत होता. आम्हीही हेच करतो. मी स्वतः कितीदा केलंय. पण आम्ही करतो तेव्हा त्यात आपला माणूस असतो, आणि तो उठण्यासारखा नसेल तर आम्ही हात काढून घेतो. ही माणसं टायरात हवा भरत होती. एकाच्या तोंडात पान होतं आणि तो माझ्या पोराच्या तोंडावर वाकून लाल थुंकी उडवत त्याला हाका मारत होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते असे असतात. 

दोन मिनिटं संपत आली तसं सान लिननं तोलाला खूण केली. तोला माझ्याकडे बघत होता. मी नाही नाही म्हणून हात हलवत होतो, पण मला मागून धरलेलं, आणि त्याला काय दिसलं कोण जाणे. चाळीस वर्षं मेळ चालवणारा माणूस. दोन मिनिटं संपली की सनई सुरू करायची, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्यानं सनई तोंडाला लावली.

आणि एकालू उठला. शुद्धीवर आला म्हणून नव्हे. सनई वाजली म्हणून उठला. लहानपणापासून आम्ही त्याला तेच शिकवलं होतं. त्यानं दंडावर हात आपटला, शड्डूचा आवाज मैदानभर गेला आणि लोक वेडे झाले. पंचानं विचारलं, लढणार का. एकालूनं मान हलवली. पंचानं आकाशातला कावळा दाखवून लढणार का विचारलं असतं तरी त्यानं मान हलवली असती.

तोमासला कळलं. त्या मैदानात माझ्याखेरीज फक्त त्यालाच कळलं. त्यानं एकालूच्या डोळ्यांत बघितलं, हात खाली घेतले आणि पंचाकडे वळून काहीतरी बोलला. पंचानं त्याला पुढे ढकललं. तो हलेना. तसाच हात खाली सोडून उभा राहिला. एकालू चालत गेला, त्याची मान पकडली आणि कपाळ घातलं. या वेळी वाटेत कुठंच थांबला नाही. डोकं वर्ज्य आहे हे ज्याला आठवत होतं तो एकालू आता तिथं नव्हता. तोमास गुडघ्यांवर बसला, भुवई फाटून त्याचं सगळं तोंड लाल झालं, आणि मग तो बाजूला कलंडला. हात खाली सोडलेल्या माणसाला एकालूनं उभ्या जन्मात मारलं नसतं.

त्या क्षणी मैदानात जो जल्लोष झाला तो मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. माझेच लोक, माझ्याच गावचे. पोरांना खांद्यावर घेऊन नाचत होते.

मला धरणाऱ्यांचे हात सैल पडले होते. मी आत जाऊन एकालूला कोपऱ्यात बसवलं. खाली खुर्च्यांपाशी भांडण जुंपलं होतं. व्यवस्थापक ओरडत होता की हा नियमभंग आहे, आमचा माणूस विजयी. सान लिनचे दोन सदस्य म्हणत होते, बरोबर, किकबॉक्सिंगच्या नियमानं नियमभंगच. तिसरा म्हणत होता, लोक चौक मोडून टाकतील. सान लिननं तक्ता मागवला. खरंच मागवला. भुवई फाटलेला एक पोरगा फळ्यांवर पडलेला, दुसरा भिंतीकडे बघावं तसा लोकांकडे बघत बसलेला, आणि चार शहाणे कापडावर बोटं फिरवत होते.

मी दोरांवरून वाकून म्हणालो, "किकबॉक्सिंग असेल तर माझा पोरगा पडला तिथंच हरला. हरलेल्याला उठवलंत कशाला? आणि लेथवे असेल तर डोकं चालतं आणि तो जिंकला. मला दोन्ही चालेल. तो हरला म्हणा, हवं तर. पण तो पडला तेव्हा लढत संपली होती एवढं त्या भोंग्यावरून सांगा."

सान लिननं तक्त्यावरून मान वर केली. मग त्याचा चेहरा खुलला. "सया, तुम्ही सोडवलंत," तो म्हणाला. "दोन्ही बाजू बरोबर आहेत."

त्यानं भोंगा हातात घेतला आणि जाहीर केलं की करेन बांधवांच्या नववर्षानिमित्त झालेला हा सामना म्हणजे दोन देशांच्या मैत्रीचं प्रदर्शन होतं. प्रदर्शनात हारजीत नसते. दोन्ही वीरांसाठी टाळ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापकाच्या माणसाच्या नावावर हार लागली नाही, म्हणून तोही गप्प झाला. तक्ता गुंडाळून पुन्हा बगलेत गेला.

मी रुग्णवाहिका मागितली. मैदानाच्या टोकाला ती उभी होती, चालक आत पाय पसरून झोपलेला. सान लिनचा माणूस म्हणाला की ती सामन्यांसाठी आहे, प्रदर्शनासाठी नाही, अजून तीन सामने बाकी आहेत. हे सांगताना तो ओशाळलासुद्धा नाही. मी त्याच्या पायाशी थुंकलो. तोमास तेवढ्यात भुवईवर कापूस दाबून आमच्या कोपऱ्यापाशी आला. त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं, मग खांद्यावर डोकं टेकवून झोपल्याची खूण केली आणि एकालूकडे बोट दाखवलं. त्या दिवसात पोराची चौकशी करणारा तो एकटा. मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, मला माहीत नाही.

तोलानं त्याचे ढोल उतरवून तीनचाकी गाडी रिकामी केली आणि स्वतः चालवली.  सणाची सुट्टी म्हणून इस्पितळात एकच परिचारिका होती. तिनं एकालूच्या डोळ्यांत बॅटरी मारली, कुणाची लढत होती, विचारलं, आणि म्हणाली की डॉक्टर नाहीत, घरी नेऊन पडू द्या, डोळ्याला डोळा लावू देऊ नका, सकाळच्या गाडीनं मोलमाइनला न्या. गाडीत एकालू चांगला बोलत होता. रस्त्यावर माणसं का एवढी, विचारत होता. त्याची लढत कधी आहे, तेही विचारलं. मी म्हणालो, झाली. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं.

नॉ दाए अंगणात धान पाखडत होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं सूप खाली ठेवलं. एकालू आपल्या पायांनी उतरला हे बघून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला तिथंच पुरून घ्यावंसं वाटलं.

"पडला?" तिनं मला विचारलं.

"पडला."

"उठवलं नाहीस ना?"

मी नाही म्हणालो. खरं होतं ते. पण दुसऱ्यांनी उठवलं ते मी तिला सांगितलं नाही.

एकालू दारापाशी थांबला होता. घराकडे, तिच्याकडे बघत होता. चपला काढून बाजूला नीट ठेवल्या. आमच्यात अनोळखी वयस्कर बाईला मूगा म्हणतात, मावशी म्हणावं तसं.

"मूगा," तो तिला अदबीनं म्हणाला, "जरा पाणी मिळेल का? लांबून आलोय."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. आत गेली, माठातलं पाणी आणलं आणि त्याच्या हातात दिलं. तो दारातच उभ्यानं प्यायला, आणि परक्याच्या घरी देतात तसं भांडं दोन्ही हातांनी, मान वाकवून, तिला परत दिलं.